कुठे वाचलंस?



पुस्तक वाचताना तुमचं कधी असं झालंय का, की एक ओळ वाचली आणि तोंडातून आपोआप 'अरेच्चा!' निघालं? मग ती ओळ कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईला सांगितली, शेजारच्या दादाला सांगितली. आणि दोन महिन्यांनी तीच ओळ पुन्हा हवी झाली, तेव्हा? पुस्तक आठवेना, पान आठवेना. 'उजव्या हाताच्या पानावर होती, अगदी खाली,' एवढंच काय ते आठवतंय! होतं ना असं?

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं. तिची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण तिनंच सांगू नका म्हटलंय.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा लहान, पण वाचणारी मुलं चिकार. आमच्याकडे पुस्तकांचं कपाट नाही, एक मोठी पत्र्याची पेटी आहे. शनिवारी ती उघडली, की पेटीभोवती नुसती झुंबड! ही मुलगी त्या झुंबडीत नेहमी पुढे. पाचवीत होती तेव्हा तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, 'आपले छोटे मित्र'. कुणी चिमणी निवडली, कुणी मुंगी. हिनं निवडली मधमाशी.

भाषण छान झालं. त्यात तिनं एक गंमत सांगितली. रानात फुलांचा ताटवा सापडला, की मधमाशी पोळ्यावर परत येते आणि नाचते! पोट थरथरवत ती थोडं अंतर सरळ जाते, मग वळसा घालून पुन्हा सुरुवातीच्या जागी येते. तिचा तो सरळ जाण्याचा रोख बघून बाकीच्या माश्यांना कळतं, की सूर्य कुठे आहे ते धरून कोणत्या दिशेला उडायचं. आणि थरथर जितकी जास्त वेळ, तितकी फुलं लांब! म्हणजे मधमाशी नाचून चक्क फुलांचा पत्ता सांगते.

टाळ्या पडल्या. परीक्षकांपैकी एक वयस्कर गुरुजी होते. त्यांनी प्रेमानंच विचारलं, "बाळ, हे मधमाशीच्या नाचाचं तू कुठे वाचलंस?"

"पुस्तकात, सर."

"कोणत्या पुस्तकात? गोष्टीच्या, का विज्ञानाच्या?"

ती गप्प. खूप आठवलं, पण नाव काही येईना. शेवटी मान खाली घालून उभी राहिली. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. नंबर काही आला नाही. नंबर येतो, जातो, त्याचं एवढं नाही. पण परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, गाडी घाटाला लागली तरी एक शब्द बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "बाई, मी खोटं नव्हते हो बोलले."

मुलांनो, ते वाक्य मला फार लागलं. कारण ती खरंच खोटं बोलली नव्हती. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं मधमाश्यांच्या या नाचाचा अर्थ वर्षानुवर्षं अभ्यास करून उलगडला, आणि त्यांना १९७३ साली आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. गोष्ट सोळा आणे खरी होती. पण ती कुठे वाचली हे सांगता आलं नाही, म्हणून खरं बोलणारी मुलगी खोट्यात पडली.

वही होती, पण...

तुम्ही म्हणाल, लिहून ठेवायला नको का? अहो, लिहून ठेवलं होतं ना! दुसऱ्या दिवशी ती आपली वही घेऊन आली. मीच सांगितलं होतं, की वाचाल त्यातलं आवडलेलं वहीत लिहा. तिनं पानंच्या पानं भरली होती. गुलाबी स्केचपेननं चौकटी काढल्या होत्या, कोपऱ्यात फुलं होती. मधमाशीचा नाच अगदी व्यवस्थित लिहिला होता. पण त्याच्याखाली पुस्तकाचं नाव? नाही. लेखक? नाही. पान? नाही. अख्ख्या वहीत एकाही टिपणाखाली ते नव्हतं.

चूक तिची नव्हती. माझी होती. 'लिहून ठेवा' हे मी सांगितलं, 'कुठून घेतलं तेही लिहा' हे सांगायचं राहिलं. आणि सांगणार तरी कशी? माझ्याही डी.एड.च्या काळातल्या वहीत एक परिच्छेद आहे, लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं त्याबद्दलचा. फार सुंदर आहे. मी तो नेटक्या अक्षरात उतरवून घेतला, पण पुस्तकाचं नाव लिहिलं नाही. 'हे काय विसरणार आहे मी?' असं वाटलं असणार! आज बारा-तेरा वर्षं झाली, ते पुस्तक मला सापडलेलं नाही. त्या लेखकाचं पुढचं म्हणणं काय होतं, ते मला कधी कळलंच नाही.

मग आम्ही दोघींनी शोधमोहीम काढली. पेटीतली सगळी पुस्तकं एकेक करून चाळली. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या दिवशी सापडलं! एका मुलानं घरी नेलेलं, परत न केलेलं, पातळसं पुस्तक होतं. पान तेवीस. तिचा चेहरा असा काही उजळला, की विचारू नका. पण एका ओळीसाठी पाच दिवस! त्या दिवशी आम्ही वर्गात एक नियम केला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे: टिपणाला पत्ता हवा. पत्र कितीही छान लिहिलं, तरी पत्त्याशिवाय ते पोचत नाही. टिपणाचंही तसंच आहे.

चिमणी व्हायचं की टीपकागद?

पत्त्याचं नंतर बघू. आधी टिपायचं काय, ते ठरवू या.

'टिपणे' हा आपल्या मराठीतला मोठा मजेदार शब्द आहे. चिमणी अंगणात दाणे टिपते. आणि टीपकागदही शाई टिपतो. टीपकागद तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला नसेल. आजोबांना विचारा. शाईच्या पेननं लिहिलं, की ओली शाई सुकवायला तो जाडसर कागद वर दाबायचे. शब्द एकच, पण दोघांच्या टिपण्यात केवढा फरक! टीपकागद समोर येईल ती सगळी शाई शोषतो. त्याच्यावर अक्षरं उमटतात, पण उलटी. वाचायला जाल तर काही कळत नाही. चिमणी मात्र खडे, काड्या, माती सोडून नेमका दाणा उचलते.

काही मुलं वाचताना टीपकागद होतात. हातात हायलायटर असला, की मग काय! पान वाचून होईपर्यंत सगळं पान पिवळंधमक. मी एकदा एका मुलाला विचारलं, "अरे, यातलं महत्त्वाचं कुठलं?" तो म्हणाला, "बाई, सगळंच!" आता सगळंच महत्त्वाचं, म्हणजे खूण करून उपयोग काय झाला? खूण करायची ती वेगळं दिसावं म्हणून. सगळ्या वर्गानं हात वर केला, तर नेमकं कुणाला उठवायचं हे बाईंना कळेल का?

म्हणून ही युक्ती करून बघा. वाचता वाचता जिथे 'अरेच्चा!' वाटेल, तिथे थांबून लगेच लिहू नका. पुस्तक स्वतःचं असेल, तर समासात पेन्सिलीनं बारीकसा ठिपका द्या. प्रकरण पुरं झालं, की मागे येऊन ते ठिपके पुन्हा बघा. मघाशी फार मोठं वाटलेलं आता तितकंसं वाटत नाही, असं पुष्कळदा होतं. मग ते सोडून द्या. जे अजूनही 'अरेच्चा' वाटेल, तोच तुमचा दाणा.

आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर? तर ठिपकासुद्धा नाही! ते पुस्तक तुमच्यानंतर आणखी शंभर जण वाचणार आहेत. त्यांचे 'अरेच्चा' त्यांना शोधू द्या. तुम्ही कागदाची बारीक पट्टी घाला. जुन्या वहीच्या कडेची कापली, की दहा पट्ट्या होतात. पानाचा कोपरा मात्र दुमडायचा नाही हं! दुमडलेला कोपरा पुढेमागे तुटतो, आणि त्याबरोबर कधी कधी शब्दही जातात.

पुस्तक मिटा आणि लिहा

आता लिहायची वेळ. इथे एक गंमत करायची. ती ओळ नीट वाचा, पुस्तक मिटा, आणि मग लिहा. स्वतःच्या शब्दांत, जणू धाकट्या भावाला सांगताय असं. लिहून झालं, की पुस्तक उघडून ताडून बघा. काही चुकलं का? आकडा बदलला का? 'कधी कधी' होतं तिथे आपण 'नेहमी' लिहिलं का?

सुरुवातीला हे जड जातं. पण बघून उतरवताना हात चालतो आणि डोकं झोपलेलं असतं. मिटून लिहिताना डोकं चालवावंच लागतं. जे समजलेलं नाही, ते पुस्तक मिटल्यावर लिहिताच येत नाही! म्हणजे आपल्याला कळलं की नाही, याची परीक्षा तिथल्या तिथे होते. मार्कांची भीती नाही, की प्रगतीपुस्तकावर सही नाही.

पण एखादं वाक्य इतकं सुंदर असतं, की त्याचा एक शब्दही बदलावासा वाटत नाही. असं वाक्य जसंच्या तसं उतरवा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं द्या. चिन्हं असली, की शब्द लेखकाचे. नसली, की शब्द माझे. हा नियम आत्ताच अंगवळणी पाडा. नाही तर वर्षभरानं वही उघडून 'वा, काय छान लिहिलंय मी!' असं म्हणाल, आणि ते लिहिलेलं असेल दुसऱ्याच कुणी!

पुण्यातल्या एक कोटी चिठ्ठ्या

एवढीशी चिठ्ठी, तिचं काय एवढं कौतुक, असं वाटतंय? मग आता पुण्याला जाऊ या.

पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेज नावाची जुनी संस्था आहे. तिथे १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकारानं एक प्रचंड काम सुरू झालं. संस्कृत भाषेचा महाकोश करायचा! शब्दाचा नुसता अर्थ द्यायचा नाही. तो शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळात, कोणत्या अर्थानं आला, ते सगळं ओळीनं द्यायचं. आता हे करायचं कसं? वाचूनच! सुमारे चाळीस विद्वान कामाला लागले. त्यांनी वेदांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे जवळजवळ दीड हजार ग्रंथ वाचले. वाचताना एकेक शब्द निवडायचा आणि त्याची चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या ओळीत आला ती ओळ, आणि ती ओळ कोणत्या ग्रंथात नेमकी कुठे आहे, त्याचा पत्ता.

हे काम किती वर्षं चाललं असेल? पंचवीस! १९७३ पर्यंत. आणि चिठ्ठ्या किती झाल्या? सुमारे एक कोटी! त्या सगळ्या धातूच्या खणांमध्ये अक्षरांच्या क्रमानं लावून ठेवल्या आहेत. १९७६ साली कोशाचा पहिला भाग छापून निघाला. पुढे पस्तीस भाग प्रसिद्ध झाले, तरी शब्द चालले होते 'अ' याच अक्षराचे! काम अजून चालू आहे.

गंमत बघा. ज्यांनी सुरुवातीला चिठ्ठ्या लिहिल्या आणि जे आज त्या वापरतात, ती माणसं वेगळी. लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण आज या जगात नाहीत. त्यांना कुणी विचारू शकत नाही, की गुरुजी, हे तुम्ही कुठे वाचलंत? पण विचारायची गरजच पडत नाही. उत्तर चिठ्ठीवरच लिहिलेलं आहे!

हरवलेला शब्द

पत्ता लिहिला, पण चिठ्ठी जागेवर नाही ठेवली, तर? त्याचीही एक गोष्ट आहे. ही इंग्लंडमधली.

इंग्रजीचा मोठा शब्दकोश, ज्याला ऑक्सफर्ड शब्दकोश म्हणतात, तोही असाच चिठ्ठ्यांवरून तयार झाला. जेम्स मरे हे १८७९ साली त्याचे संपादक झाले. त्यांनी लोकांना आवाहन केलं, की तुम्ही घरी बसून पुस्तकं वाचा, शब्द कोणत्या वाक्यात आला ते चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव आणि पान लिहा, आणि आम्हाला पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या! मरे यांनी त्यासाठी बागेत एक पत्र्याची खोली उभारली आणि आत लाकडी कप्पे केले. त्यांना अकरा मुलं होती. चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायला ती मुलंही बसायची, आणि त्याबद्दल त्यांना खाऊचे पैसे मिळायचे! काय, आहे का तयारी?

इतकी काळजी घेऊनही एक घोटाळा झालाच. 'बाँडमेड' असा एक जुना इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ गुलाम स्त्री, दासी. त्या शब्दाच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. पण त्या कुठेतरी भलतीकडे पडल्या, आणि 'बी' अक्षराचा भाग शब्दाविनाच छापला गेला! १९२८ साली सगळा कोश पुरा झाला, तेव्हाही तो शब्द त्यात नव्हता. शेवटी १९३३ साली पुरवणी निघाली, तेव्हा कुठे त्याला जागा मिळाली.

शब्द होता. चिठ्ठीही होती. पण हवी तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून नसल्यातच जमा! तेव्हा टिपणाचे दोन पत्ते असतात, बरं का. ते कुठून आलं हा एक, आणि आता कुठे ठेवलंय हा दुसरा.

आपला डबा

आता आपण स्वतःचा डबा करू या. आमच्या वर्गात केला, तसाच. खर्च? जवळजवळ काही नाही.

लग्नसराई झाली, की घरात लग्नपत्रिकांचा ढीग पडतो. पत्रिकेची कोरी पाठ जाड आणि गुळगुळीत असते. आईला विचारून त्या पत्रिका घ्या आणि पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा. हीच आपली टिपणकार्डं. एक गोष्ट सांभाळा, पत्रिकेवर देवाचं चित्र असेल तेवढा भाग आजीला विचारल्याशिवाय कापू नका, नाही तर ओरडा बसेल! कार्डं उभी ठेवायला चपलांचा खोका किंवा मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा चालतो.

एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची. दोन गोष्टी असतील, तर दोन कार्डं. का? कार्ड उचलून दुसरीकडे ठेवता येतं, वहीतलं पान ठेवता येत नाही. कार्डावर चार गोष्टी हव्यात:

१. वर उजव्या कोपऱ्यात विषयाचा एकच शब्द. उदाहरणार्थ, 'मधमाशी'.

२. मध्ये ती गोष्ट, आपल्या शब्दांत. चार-पाच ओळींपेक्षा जास्त नको.

३. खाली पत्ता: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पान. मासिक किंवा वर्तमानपत्र असेल, तर त्याचं नाव आणि तारीख.

४. सगळ्यात शेवटी, आपण ते कधी वाचलं ती तारीख.

कार्डं लावायची शब्दकोशासारखी, अक्षरांच्या क्रमानं. आधी अ, आ, मग क, ख. डब्यात अक्षरांचे उंच पुठ्ठे उभे केले, की एका नजरेत सापडतं.

आता एक अडचण. मधमाशीच्या नाचाचं कार्ड 'मधमाशी'त ठेवायचं, की 'नाच' मध्ये? पुढे कधी तुम्ही नाचाबद्दल माहिती जमवाल, तेव्हा हे हवंच ना? मग एक छोटं कार्ड करा. त्यावर 'नाच' लिहा, आणि खाली फक्त एवढंच: 'मधमाशी पाहा'. शब्दकोशात असंच असतं. एक कार्ड दुसऱ्याकडे बोट दाखवतं. अशी बोटं दाखवणारी कार्डं वाढली, की फार मजा येते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात 'मीठ' या कार्डावरून 'दांडी' आणि दांडीवरून 'समुद्र' निघाला. मीठ, गांधीजींची १९३० सालची दांडीयात्रा आणि समुद्र, तिन्ही तीन वेगळ्या पुस्तकांतून आलेले! पुस्तकांत ते कधी भेटले नव्हते, त्याच्या डब्यात भेटले.

कार्डांपेक्षा वहीच आवडते म्हणता? तीही चालेल. मग पानांना क्रमांक द्या आणि शेवटची दोन पानं कोरी सोडा. त्यावर विषय आणि वहीतलं पान लिहीत जा, म्हणजे तुमच्याच वहीची सूची तयार होईल. ही युक्ती फार जुनी आहे. जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं वहीची अशी सूची कशी करावी, ते १६८६ साली छापून प्रसिद्ध केलं होतं!

पटलं नाही? आधी तेच लिहा!

आता थोडी अवघड गोष्ट सांगते. चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सजीव कसे बदलत गेले, याचा विचार मांडणारे शास्त्रज्ञ. ते वाचत असलेल्या पुस्तकाच्या शेवटी आपल्या कामाच्या गोष्टींची यादी करायचे. विषयवार तीस-चाळीस मोठी पाकिटं त्यांनी कपाटात चिठ्ठ्या लावून ठेवली होती. नवं काम हाती घेतलं, की ते पाकीट काढायचं. जन्मभर टिपलेलं सगळं हाताशी तयार!

त्यांचा एक नियम होता. वाचताना आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी काही गोष्ट आली, की ती ताबडतोब लिहून ठेवायची. का? तर आपल्याला सोयीच्या गोष्टी डोक्यात राहतात, पण गैरसोयीच्या पटकन विसरून जातात, हे त्यांनी स्वतःवरूनच ताडलं होतं!

आपणही असंच करतो की नाही, बघा. आपल्या आवडत्या खेळाडूचे शतकांचे आकडे तोंडपाठ. पण शून्यावर बाद झाला ते सामने? म्हणून डब्यात 'हे मला पटत नाही' असंही काही असू द्या. एकाच गोष्टीबद्दल दोन पुस्तकं दोन तऱ्हांनी सांगत असतील, तर दोन्ही कार्डं एकमेकांशेजारी ठेवा. कोण बरोबर, ते आज कळलं नाही, तर उद्या कळेल. पण एक कार्ड फेकून दिलंत, तर कधीच कळणार नाही.

मोबाईलमधले फोटो

"बाई, एवढं कोण लिहीत बसणार? मी मोबाईलवर फोटो काढतो," असं एक जण म्हणालाच. म्हटलं, आण बरं फोन. वडिलांचा फोन त्यानं आणला. पुस्तकाच्या पानांचे ढीगभर फोटो होते, मध्येच लग्नाचे, म्हशीचे, वीजबिलाचे. मी म्हटलं, "मधमाशीचं पान काढ." दहा मिनिटं बोट सरकवत राहिला. शेवटी मुलंच हसायला लागली.

फोटो काढायला माझी ना नाही. फोनवर पुस्तक वाचताना ओळी रंगवता येतात, त्याही रंगवा. पण पत्त्याचा नियम तिथेही सुटत नाही. पानाचा फोटो काढण्याआधी पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा एक फोटो काढा. पान काढताना पानाचा क्रमांक चौकटीत येतोय ना, बघा. आणि शनिवारी बसून त्यातल्या खरोखर आवडलेल्यांचं कार्ड करा. फोटो काढला म्हणजे वाचलं, असं होत नाही. ताट वाढलं म्हणजे जेवण झालं, असं असतं का?

आईबाबांसाठी दोन शब्द

हा अंक तुम्हीही वाचता, म्हणून एक विनंती. मुलाच्या डब्यातली कार्डं तपासू नका. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेननं काढू नका. 'अभ्यासाचं काही लिहिलंस का?' असंही विचारू नका. त्याला गाडीच्या इंजिनाबद्दल टिपावंसं वाटलं, तर टिपू दे. मात्र जेवताना तो काही नवं सांगायला लागला, की एकच प्रश्न विचारा, "अरे वा! कुठे वाचलंस?" पण तो परीक्षकासारखा नको, कौतुकानं. आणि त्यानं कार्ड काढून दाखवलं, की हातातलं काम बाजूला ठेवून ते वाचा. घरात कुणी तरी आपलं कार्ड वाचतं, हे कळलं की मूल दुसरं कार्ड लिहितं.

आणि जमलं, तर तुमचंही एक कार्ड त्या डब्यात टाका.

आणि ती मुलगी?

हो, ती राहिलीच की! पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच स्पर्धेला गेली. विषय वेगळा होता. या वेळी तिच्या हातात भाषणाचा कागद नव्हता, पण फ्रॉकच्या खिशात सात कार्डं होती. भाषण झालं. परीक्षक नवे होते. त्यांनी काही विचारलंच नाही! नंबर आला तिसरा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय गं, कार्डं वायाच गेली म्हणायची."

ती म्हणाली, "नाही हो बाई. ती खिशात होती ना, म्हणून या वेळी भीतीच वाटली नाही."

मुलांनो, मला याहून जास्त काही सांगायचं नाही. मधमाशी रानातून नुसता मध घेऊन येत नाही. ती पत्ताही घेऊन येते, आणि म्हणूनच तिच्या मागून आख्खं पोळं त्या फुलांपर्यंत पोचतं. तुम्हीही पुस्तकांच्या रानात खूप हिंडा, हवा तेवढा मध गोळा करा. फक्त परत येताना पत्ता विसरू नका.

या शनिवारी सकाळची शाळा सुटली, की पहिलं कार्ड करा. आणि पहिलं कार्ड कशाचं करावं असा प्रश्न पडला, तर अंक हातात आहेच! विषय: मधमाशी. चार ओळी तुमच्या शब्दांत. आणि खाली या नियतकालिकाचं नाव, अंकाची तारीख आणि हे पान. उद्या कुणी विचारलं, "कुठे वाचलंस?" तर खुशाल कार्ड काढून दाखवा!

तुमच्या बाई